कंपनीने पाठवलेलं नाही

मी घर सोडलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि गाडीची काच खाली होती. डिकीत दोन बॅगा, मागच्या सीटवर माझ्या शेजारी पेणच्या पोह्या-पापडांचं खोकं, पुढे ड्रायव्हरजवळ बाबा. आई घरीच थांबली. विमानतळावर आली असती तर टँकरचं पाणी कुणी भरलं असतं? गाडी गावाबाहेर वळणार तेवढ्यात शोभाकाकी, म्हणजे बाबांच्या भावाची बायको, समोरून आली. हात करून तिने गाडी थांबवली आणि काचेतून आत डोकावली.

"कुठं गो चाललीस येवढं सामान घेवन?"

मी जर्मनीला चाललेय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, काकीला तर नक्कीच. तरी हे विचारायचं असतं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "कामाला चाललीय. कंपनी घेतंय तिला तिथं."

मी शिकायला चालले होते. कुठलीही कंपनी मला घेत नव्हती. पण चोवीस वर्षांची मुलगी अजून शिकतेय म्हटलं की पुढचे प्रश्न येतात, आणि काम म्हटलं की प्रश्न संपतात. मी मान हलवली. काकी म्हणाली, "बरं हाय. कामाला हाय ना, मग जा," आणि बाजूला झाली.

धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथे बाई कारणाशिवाय गावाबाहेर जात नाही. तसा नियम नाही, कुणी अडवतही नाही. फक्त विचारतात. बाजार, दवाखाना, लग्न, मयत, देव, एवढ्यात बसेल ते उत्तर चालतं. मी पेणच्या इंग्रजी शाळेत जायचे, पिनाफोर आणि टाय घालून. नाक्यावर उभी राहिले की बायका म्हणायच्या, "मड्डम, आज कुठं?" त्यांना माहीत असायचं. मला मात्र तोंडातून शब्द काढायला घाम फुटायचा, म्हणून मी घरातून निघतानाच उत्तर पाठ करायचे. क्लासला. वही आणायला. दाताच्या डॉक्टरकडे. नुसतीच चाललेय, असं उत्तर मला कधी सुचलंही नाही.

आणि खारं पाणी. आजोबा मिठागरात होते, बाबाही लग्नापर्यंत मिठागरात होते, मग डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर लागले आणि घरात शिफ्ट हा शब्द आला. उधाणाला बांध फुटला की अख्खं गाव चिखल घेऊन धावायचं, कारण ते पाणी भातात शिरलं की पुढची काही वर्षं शेत गेलं. आमच्यासाठी खारं पाणी एक तर राबायचं होतं, नाही तर अडवायचं. त्याच्याकडे बघत कुणी नुसतं बसलेलं मी पाहिलेलं नाही. पोहताना तर मुळीच नाही, आणि बाईला तर स्वप्नातसुद्धा नाही.

तर मी शिकले, आणि मग खरंच कामाला लागले. कलोनजवळच्या एका प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासते. पहिली दोन वर्षं सगळी रजा घरी घालवली. जायचे त्या बॅगेत चॉकलेटं, परफ्यूम, काकीला तवा, कुणाला बूट. यायचे त्या बॅगेत वाल, पोहे, सुकट. तिथे मी पाहुणी, इथे मी परदेशी, आणि मधल्या विमानात तेवढी कुणाचीच नाही. तिसऱ्या वर्षी वसंतात जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या सुट्ट्यांबद्दल बोलत होते. एकीने मला विचारलं, "तू कुठे जाणार?" मी म्हटलं, "समुद्रावर." ती म्हणाली, "छान." बस. पुढे काहीच नाही. कशाला, कुणाबरोबर, तिथे कोण आहे तुझं, काही नाही. मी उरलेली दुपार त्या एका शब्दावर काढली.

त्याच आठवड्यात मी बजेट मांडलं. शहर आलिकान्ते, स्पेनमधलं, भूमध्य समुद्राला लागून. फोटोंमुळे नाही निवडलं. स्वस्त विमान तिथे जात होतं आणि स्टेशनपासून पाण्यापर्यंत चालत जाता येत होतं. विमान: फक्त पाठीवरची बॅग, सामानाचे पैसे वेगळे पडतात. राहणं: हॉस्टेलमध्ये सहा बायकांची खोली, खालचा बेड. सकाळ-संध्याकाळ हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पोहे. डोंगरावरच्या किल्ल्यात चालत जायचं, लिफ्टचे पैसे वाचतात. समुद्र फुकट. जवळच्या मिठागरांची एक सहल निघते, गाइडसकट, ती मी वाचली आणि हसून खोडली. मिठागर बघायला पैसे मी देणार नाही.

बजेट शंभरदा तपासूनही जमेना. शेवटी कळलं, चूक बेरजेत नव्हतीच. मी दोन रकाने केले होते, एक युरोचा, एक रुपयांचा. युरोच्या रकान्यात सगळं बरं दिसायचं. रुपयांच्या रकान्यात प्रत्येक ओळीत बाबा उभे राहायचे. ही रात्र म्हणजे त्यांच्या इतक्या शिफ्ट. हे जेवण म्हणजे आईचा महिन्याचा गॅस. आणि सगळ्यात खाली मी नकळत अकरा नावं लिहिली होती: प्रत्येक घराला काहीतरी न्यायचं. देवाहून आलेला माणूस प्रसाद वाटतो, तसं. वाटलं की जाणं माफ होतं.

मी अकरा नावं खोडली. मग रुपयांचा रकाना सबंध काढून टाकला. राहिलेल्या पैशांत एक ओळ नवी लिहिली: टेबलावर बसून, समुद्रासमोर, एक पूर्ण जेवण.

मी घरी पैसे पाठवते. पाठवत राहीन, त्यात कुणाचे उपकार नाहीत, ना त्यांच्यावर ना माझ्यावर. पण जे उरतं ते माझं आहे, आणि ते कशावर गेलं हे मी कारणासकट कुणाला सादर करणार नाही.

बाबांना फोनवर सांगितलं. "सहा दिवस. स्पेनला. फिरायला."

"एकटी?"

"हो."

"बरं," बाबा म्हणाले आणि पावसाचं विचारू लागले. मला वाटलं, किती सोपं होतं!

चार दिवसांनी घरच्या ग्रुपवर, जिथे सगळे काका-मामा-आत्या मिळून चाळीसेक माणसं आहेत, शोभाकाकीचा मेसेज आला. फुलं, टाळ्या, आणि खाली: "कंपनीने स्पेनला पाठवले म्हणे. अभिनंदन. आमच्या पोरीचं नाव झालं." त्याखाली अभिनंदनाची रांग.

मी बाबांना फोन लावला. ते पहिल्या पाळीहून नुकते आले होते.

"कंपनीने पाठवलं असं तुम्ही सांगितलंत?"

"मग काय सांगू? पोरगी एकटी हिंडायला गेलीय? लोकं काय बोलतात तुला ठाव नाय."

"ठाऊक आहे."

"मी तुला झाकलं गो."

"बाबा, मला झाकू नका. मी काही केलेलं नाही."

त्यांनी फोन ठेवून दिला. माझे बाबा वाईट नाहीत, हे मला इथे लिहायचं आहे. फी परवडत नव्हती तेव्हाही त्यांनी मला त्या शाळेत ठेवलं. माझ्यासाठी ते लोकांशी भांडले नाहीत, लोकांना माझ्यापासून लांब ठेवत गेले, आणि त्यासाठी त्यांच्याकडे खोटं एवढंच हत्यार होतं. गाडीच्या काचेतून त्यांनी तेच वापरलं होतं आणि मी मान हलवली होती. या वेळी मान हलवली असती तर पुढच्या प्रत्येक सुट्टीला एक कंपनी लागली असती.

मी त्या ग्रुपवर कधी बोलत नाही. वाढदिवसाला केक पाठवते, बाकी अंगठा. त्या दिवशी आधी इंग्रजीत लिहिलं, कारण इंग्रजीत मला लपता येतं. मग पुसलं आणि मराठीत लिहिलं: "काकी, धन्यवाद. पण मला कंपनीने पाठवलेलं नाही. मी माझ्या पैशाने, माझ्या रजेत, एकटी फिरायला चालले आहे, हॉस्टेलमध्ये सहा बायकांच्या खोलीत राहणार आहे. काम काही नाही." पाठवलं, आणि फोन उशीखाली सरकवून पाण्याचे नमुने तपासायला निघून गेले.

परतले आणि ग्रुप उघडला. एका काकांनी दुसऱ्याच विषयावर सुविचार टाकला होता. शेवटी काकीने लिहिलं, "बरं हाय बाय तुमचं. आमाला पेणच्या पुढं कोण नेतंय." टोमणाच होता. पण थोड्या वेळाने तिचा मला एकटीला आवाजी निरोप आला, अगदी हळू: "एक सांग गो. येवढ्या अनोळखी बायकांत झोप लागंल तुला? भ्या नाय वाटत?" मी उत्तर दिलं, "लागेल काकी. वाटतं, पण लागेल."

बाबा मात्र माझ्याशी बोलेनात. आईचा फोन यायचा, मागे ते असायचे, पंखा असायचा, टीव्ही असायचा. मी विचारलं की आई म्हणायची, "जेवतायत." आठ दिवस माणूस जेवत होता.

मी गेले. विमान उतरताना खाली मिठागरं दिसली, चौकोनामागे चौकोन, काही गुलाबी. मी तोंड फिरवलं नाही. पहिल्या दिवशी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी मानेपर्यंत. पोहता येत नाही मला. पाणी नुसतं उचलतं आणि ठेवतं. आजूबाजूला आजीच्या वयाच्या बायका घोळक्याने पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या, कुणीही कुठे चाललेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बजेटमधलं ते जेवण. पसरट लोखंडी तव्यात शिजवलेला मासळीचा केशरी भात तिथे प्रसिद्ध. वेटरने मेन्यूवर बोट ठेवून सांगितलं, हा भात कमीत कमी दोघांसाठीच करतात. तुमच्यासाठी सॅलड आहे. एरवी मी सॅलड खाल्लं असतं. लहानपणापासून समोरच्याने दुसरं काही सुचवलं की मी तेच घेते. त्या दिवशी म्हटलं, "दोघांचा द्या." त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, "दोघांचाच."

तवा टेबलावर आला आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होत होती. आई ओट्याशी, मागे खाटेवर बाबा, त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"येवढा भात कुणाला गो?"

"मला."

"सगळा?"

"दोघांचाच मिळतो. मग घेतला."

आई हसली. मग फोन जवळ घेऊन, पण आवाज मुळीच खाली न आणता म्हणाली, "मी पण गेलेली एकदा."

"कुठे?"

"रोह्याला."

आईचं माहेर निडी. आमच्याकडून गाडीत बसलं की निडी येते, आणि पुढचं स्टेशन रोहा. दर थंडीत आई वालाच्या शेंगा आणायला माहेरी जायची. माहेरी जायलाही तिला कारण लागायचं, आणि शेंगा हे चांगलं कारण होतं.

"तू सातवीत व्हतीस. निडी आली, गाडी थांबली, नि मी उतरलेच नाय. काय झालं ठाव नाय. बसून राह्यले. रोह्याला उतरले, नदीवर गेले, आइस्क्रीम खाल्लं. दोन तास बसले. तिकीट निडीचंच व्हतं, येवढंच भ्या. टीसी आला असता तर?"

"आणि शेंगा?"

"रोह्याच्या बाजारातनं घेतल्या. घरी येवन सांगितलं, आईनं दिल्या."

खाटेवरचे पाय खाली आले. बाबा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले, पण माझ्याशी नाही.

"कवा?"

"तुमी सेकंड शिफ्टला व्हता तवा."

"मला नाय सांगितलंस?"

"तुमी इचारलं असतं, कशाला. मी काय सांगणार व्हते? काम नव्हतं काय." आईने गॅस बारीक केला. "ही सांगतंय. मला नाय जमलं."

मला वाटलं, फोन बंद होईल. मग बाबा म्हणाले, "शेंगा चांगल्या व्हत्या पण," आणि वाकून फोनमध्ये बघत मला म्हणाले, "लय उन्हात नको बसूस."

त्यांनी अजूनही 'फिरायला' हा शब्द उच्चारलेला नाही. त्यांच्या कारखान्यात कुणी विचारलं तर ते काय सांगतात, मला माहीत नाही. मी त्यासाठी थांबणार नाही. पुढच्या वर्षीची रजा मी अर्धी गावासाठी आणि अर्धी माझ्यासाठी आताच टाकली आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, आणि प्रत्येक फोटोखाली 'ऑफिसच्या कामाने' असं लिहितात, त्यांना एवढंच सांगते: एकदा खरं लिहून बघा. छत कोसळत नाही.

घर म्हणजे काय, असं मला आता कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगत नाही, कलोनचंही नाही. कारण न देता जिथे मला बसता येईल ते घर, आणि ते अजून पुरतं बांधून झालेलं नाही. आम्ही तिघं ते फोनवर बांधतोय. त्या दुपारी मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि त्या दोघांच्या देखत, अजिबात घाई न करता, दोघांचा भात एकटीने संपवला.