हात हलवला की वाजणारी खोली

मंडळी, आज संध्याकाळी मुलगी मला इथे आखातात, शहराच्या सलवा भागातल्या एका प्रदर्शनात घेऊन गेली. रिकामी खोली, आपण हललो की आवाज येतो म्हणे. मला वाटलं, पडद्याआड बसून कोणीतरी वाजवतंय. पडदा उचलून बघितला तर नुसत्या वायरी, आणि वर छताला एक कॅमेरा.

"बाबा, जस्ट क्लॅप," मुलगी म्हणाली.

मी टाळी वाजवली, पण हवल्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आरतीला वाजवतो तशी, तळवे न टेकवता. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून लागलेली बारा वर्षांची सवय.

अख्खी खोली घंटेसारखी घणघणली. मी आधी दाराकडे बघितलं.

घरी येऊन देवघरावरचं छत तपासलं. काही नाही. तरी उद्याची आरती हात जोडूनच करणार. तुमच्या घरी टाळी वाजते का?