आकडा आत!

माझं पोस्टिंग डोंगरातल्या एका छावणीत झालं. कॅप्टन, इंजिनिअर्स. हेल्मेट नाकावर यायचं, कमरेला टेप तलवारीसारखी लटकवलेली, आणि ऑर्डर द्यायला तोंड उघडलं की पिपाणी वाजायची. माझी नात माझ्या तेव्हाच्या फोटोला हसते. मी तिच्यापेक्षा जास्त हसते.

काम एका बराकीचं होतं. खाली गाड्यांसाठी मोकळे खांब, वर जवान. भूकंपात असे पाय आधी मोडतात. म्हणून प्रत्येक खांबाभोवती नव्या सळ्या, रिंगा आणि वरून काँक्रीटचं जॅकेट. रिंगेचं टोक काटकोनात सोडलं तर हादऱ्यात उघडतं. ते आत वळवून आकडा करायचा.

"करंजीला मुरड घालतात तसं," मी सांगायचे. कुणाला ऐकूच जायचं नाही. मग आपल्या शिरोळचा हवालदार यशवंत गरजायचा, "आकडा आऽऽत!" आणि हळूच मला, "म्याडम, करंजी कधी केलीया व्हय तुमी?"

केली नव्हती.

पूर्वेकडचा भाग पुरा झाला. पश्चिमेकडचा बाकी होता. सकाळी पीटीच्या वेळी जमीन हादरली. पूर्वेकडचा भाग उभा राहिला. पश्चिमेकडच्या जुन्या रिंगा उघडल्या, सळ्या बरगड्यांसारख्या बाहेर आल्या आणि वरचा मजला खाली बसला. रात्रपाळी करून झोपलेला लान्स नायक बहादूर आत अडकला. पाय तुळईखाली चिरडला होता. आम्ही जॅक लावले. यशवंत सरपटत आत गेला.

वायरलेस सेटवर सीओ साहेब. "रिपोर्ट. ओव्हर."

"एक जिवंत. काढतोय. ओव्हर."

तेवढ्यात दुसरा धक्का. मी ओरडले, "बाहेर!" पिपाणीच वाजली. जॅक धरलेले जवान हललेच नाहीत. माझी ऑर्डर आतून यशवंतनं दिली, "भायेर व्हा रं समदी!"

सगळे उडी मारून बाहेर पडले. त्यानं बहादूरला आमच्याकडे ढकललं. मी यशवंतचा हात पकडला. जॅक उडाले. स्लॅब आला.

धूळ बसली तेव्हा त्याचं मनगट माझ्या मुठीत होतं. नाडी नव्हती.

"एक बाहेर. एक गेला. ओव्हर."

"से अगेन?"

मी सेट शेजारच्या जवानाच्या हातात दिला.

सध्या कोल्हापुरात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या खांबांना जॅकेट चाललंय. परवा सळ्या वाकवणारा गडी रिंगेचं टोक काटकोनातच सोडून म्हणाला, "आज्जी, काँक्रीटच्या आत कोण बघतंय?"

"आकडा आऽऽत!"

माणसं गॅलरीत आली. गड्याच्या हातातली रिंग पडली. "आयला! आज्जी, केवढा आवाज हाय ओ तुमचा!"

"माझा न्हाय," मी म्हटलं. "हवालदार यशवंतचा हाय."