हळदीच्या गाण्यामागचा आवाज

सोनपेठच्या बाजारात लिंबाजीचं कॅसेटचं दुकान होतं. लोकांच्या लग्नातली गाणी टेप करायची, नकला काढून विकायच्या, हा त्याचा धंदा. गाण्यांच्या मागं कोणत्या सासूने कोणत्या सुनेला काय सुनावलं, तेही टेपवर यायचं. लिंबाजी ते चवीने ऐकायचा आणि ओठ मात्र शिवून ठेवायचा.

१९८९ साली त्याची बहीण कोकिळा विधवा झाली. तिचा नवरा सिताराम उसाच्या भरल्या गाडीवरून पडून मेला. ऊसतोड टोळीचा मुकादम बन्सीधरने पंचनाम्यात सांगितलं, चाक खड्ड्यात गेलं. कोकिळाने बांगड्या फोडल्या, पण त्या चाकावर तिचा विश्वास बसला नाही.

पुढच्या वैशाखात एका हळदीला मशीन चालू ठेवून लिंबाजी पंगतीला बसला. दुसऱ्या दिवशी दुकानात टेप लावली, तर बायकांच्या गाण्यामागून दारू प्यालेला बन्सीधर बोलत होता, "सिताराम काय पडला व्हय? मधातच टोळी सोडून जातो म्हनला. दिला ढकलून!" आणि वर हसला.

लिंबाजीने कोकिळाला बोलावून ऐकवलं. ती एवढंच म्हणाली, "दादा, हा लय हसलाय."

एका टेपवर भरवसा ठेवणारा पुढं डोकं धरून बसतो, हे लिंबाजीला धंद्याने शिकवलेलं. त्याने दोन नकला काढल्या. एक कोकिळाच्या ज्वारीच्या कणगीत गेली, दुसरी चुडाव्याला आत्या सरजाबाईच्या तांदळाच्या डब्यात. कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे दात मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. नकलांचे दात त्याने मोडले. पोलिसांना दिलेल्या मूळ टेपचे तसेच राहिले. राहिले की ठेवले, ते लिंबाजीच जाणे!

मुद्देमालाच्या खोलीतली ती टेप हवालदाराने घरी नेली आणि तिच्यावर सासूबाईंची भजनं भरली. ही बातमी बन्सीधरला हवालदाराच्या आधी कळली म्हणतात. तो पेढे घेऊनच दुकानात आला.

"काय लिंबाजीराव, आता कशाची टेप वाजवायलाव?"

"तुमच्याच आवडीची, मुकादम. जरा दम धरा."

परभणीच्या कोर्टात मुद्देमालाची टेप लागली आणि झांजा वाजल्या. सगळे हसले, बन्सीधर सगळ्यांत मोठ्याने. त्याचं हसू पूर्ण जिरेपर्यंत लिंबाजी बसून राहिला. मग उठून त्याने वकिलाच्या हातात दोन कॅसेटा ठेवल्या. एकीला ज्वारीचा भुसा लागलेला होता.

वकिलांची बरीच हुज्जत झाली. शेवटी न्यायाधीश म्हणाले, "लावा."

हळदीचं गाणं लागलं. त्यामागून मुकादमाचा आवाज आला, मग ते हसणं. पिंजऱ्यातल्या बन्सीधरने कठडा धरला.

टेप थांबली तशी मागच्या बाकावरून कोकिळा उभी राहिली.

"सायेब, आनखी एकदा लावा. पयल्या खेपंला मी नुस्तं ऐकलं. आता ह्याचं तोंड बघायचंय."