सरांच्या पुस्तकातले त्रिकोण

सात रस्त्याजवळ आमचं डीटीपीचं दुकान. रद्दीवाला दर महिन्याला येऊन कागद नेतो, किस्से मात्र तिथंच साठतात! त्यातले निम्मे एकट्या माळीसरांच्या पुस्तकाचे.

सर गणिताचे, रिटायर्ड. एका कॉम्प्युटर भाषेवरचं आयुष्यभराचं लिखाण घेऊन आले. त्या भाषेत शब्द जवळजवळ नाहीतच. त्रिकोण, गोल, गोलात काठी!

मालक आप्पांनी पान उलटसुलट फिरवून बघितलं. "सर, हे काय हाय?"

"प्रोग्राम आहे."

"व्हय का! तारीख कुठली? पत्रिका किती काढायच्या?"

*

टायपिंगला मी बसले. पहिलं प्रूफ निघालं, तर चिन्हांच्या जागी सगळीकडं रिकामे चौकोन! आमच्या फॉन्टमध्ये ती चिन्हंच नव्हती. सरांचा चेहरा पडला.

आप्पा म्हणाले, "राहू द्या की सर. वर लिहू, रिकाम्या जागा भरा!"

*

नवा फॉन्ट आला. मी मन लावून कोडच्या प्रत्येक ओळीला पूर्णविराम दिला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन.

"ताई, तुमच्या फाइलमधला कोड चालवून बघितला. प्रत्येक ओळीला अडतोय!"

"मग सर, पूर्णविराम म्हणजे तेच की!"

*

सरांनी एकदा समजावलं, ही ओळ उजवीकडून डावीकडं वाचायची असते. आमचे बाइंडर रफिकभाई लहानपणापासून उर्दू वाचणारे. हातातली सुई ठेवून उठलेच.

"अरे भई, ये तो हमारे माफिक है! तुम लोगां अब्बी तक उल्टा पढ रहे थे क्या?"

*

शेवटचं प्रूफ. सर सही करणार, तेवढ्यात कटिंग मशीनवरचे नरसय्यामामा मागून वाकले. उमेदीच्या वर्षांत मामांनी मागावर चादरी विणल्या. पानावर शून्य आणि एक अशा आकड्यांचा मोठा चौकोन होता.

"सर, नक्षी चुकलीय."

सर हसले. "मामा, हे गणिताचं उत्तर आहे. तीस वर्षं हेच शिकवलंय मी."

"असंल की. पण हितं एक धागा कमी हाय."

सरांनी लॅपटॉप उघडून प्रोग्राम चालवला. तिसऱ्या ओळीत एकाच्या जागी शून्य पडलं होतं. सरांच्या मूळ वहीतच चुकलेलं! पेन टोपणात गेलं.

"मामा, तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला हे दिसलं नाही हो!"

"त्यास्नी चादर कुटं विकायची होती?"