मामांचं माप

मामा आधी दोन बोटं स्वतःच्या कपाळावर टेकवायचे. मग समोरच्याकडे असं बघायचे, की आपल्या डोक्यात काही आहे की नाही याची त्याला स्वतःलाच शंका यावी. आणि मग विचारायचे, "हुशार हाय म्हणता. पर कसा हुशार? माप सांगा."

मानवतच्या आमच्या गल्लीत ते सोयरिकी जुळवायचे. दुष्काळ नुकताच सरला होता, अडून राहिलेली लग्नं एकदम निघाली होती, आणि मुलांचे बाप मामांच्या ओसरीवर ताटकळत बसायचे. मी कापसाच्या जिनिंगमधला कारकून, समोरच्याच खोलीत भाड्याने राहणारा. संध्याकाळी करमणुकीला तिथेच हजर.

तुम्हाला म्हणून सांगतो, अकलेची अशी वर्गवारी मी पुढे कुठल्याच विद्वानाच्या तोंडून ऐकली नाही. मॅट्रिक पास झालेला मुलगा 'हुशार'. मॅट्रिकला बसून नापास झालेला, पण पुढाऱ्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसणारा 'लय हुशार'. वाटणीत विहिरीकडचा तुकडा स्वतःकडे ओढणारा 'अक्कलवाला'. आणि काहीच न करता दिवसभर हॉटेलात पेपर वाचणारा 'बुद्धिमान'. मुलीकडचे लोक हे ऐकून खूश व्हायचे. माप त्यांना लग्नानंतर कळायचं.

मुलींसाठी मात्र मामांकडे एकच शब्द होता. समजदार.

"म्हणजे काय हो मामा?" मी एकदा विचारलं.

"सगळं कळतंय, पर बोलत न्हाई."

अडचण एवढीच, की त्यांची स्वतःची लेक बोलायची. परभणीच्या कॉलेजात ती गणितात पहिली आली होती. घरातला आजार लपवावा तसं मामा ते लपवून ठेवत. "पोरगी हुशार हाय म्हणून बोंबलत फिरलो, तर कोण करून घेईल?"

शेवटी ताडकळसचं स्थळ आलं. घर तालेवार, मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षात कायमचा मुक्कामाला. बघण्याच्या दिवशी पोहे वाटायला मीच होतो. आत मामा लेकीला बजावत होते, "नाव इचारलं की नाव सांग, अन् खाली बघ."

तिने नाव सांगितलं, खाली बघितलं. मुलाचे वडील प्रसन्न झाले. "आमचं पोरगं हुशार हाय बरं का बाई. तुला काय इचारायचं तर इचार."

असं म्हणायची रीत होती. विचारायची नव्हती.

तिने मान वर केली. पाहुण्यांकडे नाही, वडिलांकडे बघितलं. "दादा, कसे हुशार? माप सांगा."

मामांची दोन बोटं कपाळावर गेली ती तिथेच राहिली. या माणसाने एका दमात किती पोरांना हुशार करून लग्नाला उभं केलं होतं! मला वाटलं, आता 'बुद्धिमान' येणार. मी पोह्यांची बशी धरून उभाच.

"पाव्हणं," मामा खाली बघत म्हणाले, "दुसऱ्याची लेक आसती, तर बुद्धिमान म्हणलो आसतो."

पाहुणे पोहे टाकून उठले. गोष्ट गावभर झाली आणि मामांचा धंदाच बसला. त्यांनी कुणालाही हुशार म्हटलं, की मुलीकडचे विचारू लागले, "तुमच्या लेकीला केला आसता का?" मामा कपाळाला हात लावून सांगायचे, "एकदाच खरं बोललो बघा, अन् तेवढ्यानंच बेजार झालो." लेकीला मात्र त्यांनी एका शब्दानेही दुखावलं नाही.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो, हे मला फार उशिरा सुचलं. एका संध्याकाळी मी धीर करून ओसरीवर बसलो, स्वतःचंच स्थळ घेऊन. दाराआडून आवाज आला, "दादा, माप?"

मामांनी बोटं कपाळावर टेकवली आणि माझ्याकडे इतका वेळ बघितलं, की मीच खाली बघायला लागलो.

"समजदार हाय," ते म्हणाले.

आत कोणीतरी खुदकन हसलं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ओसरीही राहिली नाही. पण मी पाहुण्यांसमोर रंगात येऊन काही मोठं बोलायला लागलो, की स्वयंपाकघराच्या दारात ती उभी राहते आणि दोन बोटं कपाळावर टेकवते.

मला सगळं कळतं. मी बोलत नाही.