किटवर लिहिलेलं नाव

आजाऱ्याच्या उशाशी उभी असलेली नर्स गैरहजर कशी ठरते, सांगाल का मला?

गेल्या आठवड्यात मी कोरोनाच्या वॉर्डात पडून होतो. वैशाली सिस्टर ड्युटी करता करताच नर्सिंगच्या पुढच्या पदवीचा ऑनलाइन तास ऐकायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतला त्यांचा फोन माझ्या लॉकरवर टेकवलेला असायचा. एकदा फोनमधून शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "चेहरा दिसत नाही तुमचा. हजेरी कशी लावू?"

"मॅडम, पीपीई किट घातलंय."

"मग काढून बसा."

सिस्टरांनी फोन छातीशी नेला. किटवर मार्करनं त्यांचं नाव लिहिलेलं होतं.

"नाव नको, चेहरा हवा."

शेजारच्या खाटेवरचे काका खोकत ओरडले, "अहो बाई, आम्ही अख्खा वॉर्ड साक्षीला आहोत की!"

तरी गैरहजेरी लागलीच. हजेरी कमी पडली तर सिस्टरांना परीक्षेला बसता येणार नाही. आणि त्या दिवशीचा धडा होता, संसर्ग कसा टाळावा!

आपल्याला शिकणारा माणूस खुर्चीत बसलेलाच लागतो. तो धावताना शिकत असेल, तर ते शिकणं आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

तुमच्या गावात नर्सिंग कॉलेज असेल, तर उद्याच प्राचार्यांना गाठा आणि सांगा, वॉर्डातली ड्युटी हजेरीत धरा.