पालथं न केलेलं पान

वीणाकाकूंवर अन्याय झाला तो त्यांच्या तेराव्याच्या सकाळी, भैरवगढच्या बाजूला, क्षिप्रेच्या काठावर. करणारे आम्हीच, त्यांनी तयार केलेली पोरं. दोरी माझ्या हातात होती.

त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी राम घाटावर पर्चे वाटत होते. ‘निलगिरी हटवा, अर्जुन लावा.’ शब्द माझे, मागणी काकूंची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाल्या आणि रविवारी आम्हाला नदीकाठी फिरवू लागल्या. दोन्ही झाडं पांढुरक्या, गुळगुळीत खोडाची, दोन्हींची साल सुटून पडते. म्हणून खोडावर जाऊ नका, हे त्यांचं पालुपद. पान चुरगळा, झणझणीत वास आला तर निलगिरी. नाही आला तर दुसरं पान घ्या, पालथं करा... देठाशी दोन बारीक गाठी लागल्या की अर्जुन. खाली पाच पंखांची वाळकी फळंही सापडतात. मला कंटाळा यायचा. एकदा म्हटलं, “काकू, लांबूनच कळतं हो.”

“लांबून तर तू पण समझदार वाटतेस,” त्या म्हणाल्या. “चल, पान काढ.”

तर तेराव्याला त्यांच्या नावानं अर्जुनाचं रोप लावायचं ठरलं. जागा हवी, म्हणून काठावरची एक ‘निलगिरी’ पाडायची. कोणाला विचारलं नाही. जेवणाची पानं मांडायच्या आत उरकायचं होतं. “काकूंना बरं वाटेल,” असं मीच म्हणाले. पोरांनी बुंध्यावर करवत चालवली आणि मी दोरी ओढली. झाड पडलं, पाला पायाखाली चिरडला गेला, आणि वास... वास आलाच नाही.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, रोपाला घालायला लोटाभर पाणी घेऊन उभे होते. त्यांनी वाकून पाडलेल्या झाडाचं एक पान उचललं, पालथं केलं, देठापाशी अंगठा फिरवला. “अगं, हा तर कहुआ आहे. तुमचा अर्जुन.” एवढंच. मग लोटा त्यांनी रोपावर नाही, कापलेल्या बुंध्यावर रिता केला. आम्ही तरीही रोप लावलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. फोटोखाली लोकांनी जोडलेल्या हातांच्या इमोजी टाकल्या. लाज वाटते ती या फोटोचीही.

आता रस्त्यानं जाताना कुठलंही पान दिसलं की माझा अंगठा काकूंसारखा देठाकडे जातो. उशिरा लागलेली सवय, त्या झाडाच्या काय कामाची?

तुमच्या मोहल्ल्यात उद्या आमच्यासारखं कोणी करवत घेऊन येईल, हातात पर्चा असेल, बोलणं खरं वाटेल. पर्चा घेऊ नका. आधी त्याच झाडाचं पान मागा, तुमच्यासमोर पालथं करायला लावा. नाही केलं, तर करवत हातातून काढून घ्या.